गेलिक मुलांची नावे आणि त्यांचे अर्थ

युरोपच्या नकाशात अगदी पश्चिमेच्या टोकाला आयर्लंड नावाचे बेट आहे. त्याच्या ईशान्येस स्कॉटलंडचा डोंगराळ मुलूख आणि त्याला लागून समुद्रात विखुरलेली लहानलहान बेटे. या सगळ्या भागात शेकडो वर्षे जी भाषा बोलली गेली, तिला गेलिक म्हणतात. आयर्लंडची ती आयरिश, स्कॉटलंडची ती स्कॉटिश गेलिक आणि मधल्या मॅन बेटावरची ती मँक्स, अशा या तीन सख्ख्या बहिणी. इंग्रजी ही त्यांची लांबच्या नात्यातली शेजारीण. या गेलिक घरांत मुलांना कोणती नावे ठेवतात आणि त्यांचे अर्थ काय, ते आज आपण पाहू. विषय दूरदेशीचा खरा; पण श्रोतेहो, तो वाटतो तितका परका नाही.

का परका नाही? १७८६ साली कलकत्त्यात सर विल्यम जोन्स यांनी एक विचार मांडला. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या भाषा एकाच मुळातून निघालेल्या दिसतात आणि गेलिक ज्या केल्टिक कुळातली आहे, तेही बहुधा याच नात्यातले असावे, असं त्यांचं म्हणणं. पुढच्या अभ्यासाने ते खरे ठरले. आपण ज्याला 'नाम' म्हणतो त्याला आयरिश माणूस 'अनिम' म्हणतो. दोन्ही शब्द एकाच वडाच्या पारंब्या आहेत. म्हणजे त्यांनी आपला शब्द उचलला असं नव्हे, की आपण त्यांचा घेतला असंही नव्हे. दोघांचा पूर्वज एक, एवढेच.

आता काही नावे घेऊ. 'आयध' हे आयर्लंडमधले फार जुने पुरुषनाम. अर्थ अग्नी. आपल्याकडे होमात ज्या 'समिधा' टाकतात, त्या शब्दातला 'इध्' हा पेटवण्याचा धातू आणि हा 'आयध' एकाच मुळाचे. या नावाला लहानपणाचा प्रत्यय लावला की 'एडन' होते, म्हणजे लहानगा अग्नी. 'आर्ट' हे दुसरे नाव. त्याचा अर्थ अस्वल. आपला जांबवंत ऋक्षराज. तो 'ऋक्ष' आणि हा 'आर्ट' एकाच शब्दाची दोन रूपे. 'रॉरी' या नावाचा अर्थ तांबडा राजा. त्यातला तांबड्यासाठीचा शब्द 'रुधिर' या शब्दाचा भाऊबंद आणि राजासाठीचा शब्द आपल्या 'राजा'चाच. 'ब्रिजिड' हे मुलीचे नाव 'बृहती'च्या नात्यातले आहे. अर्थ थोर, उन्नत. प्राचीन काळी ही एक देवी होती, पुढे त्याच नावाची ख्रिस्ती संत झाली. १ फेब्रुवारी हा तिचा दिवस. २०२३ पासून आयर्लंडमध्ये त्यानिमित्त सरकारी सुटी असते.

जनावरांची नावे मुलांना ठेवण्याची या लोकांना मोठी हौस. 'अशीन' म्हणजे हरणाचे पाडस. 'रोनन' म्हणजे सील या समुद्री प्राण्याचे पिलू. 'फेलन' म्हणजे लांडग्याचे पिलू. 'कॉनर' या नावाचा अर्थ शिकारी कुत्र्यांवर माया करणारा. आपल्याकडे कुणाला कुत्रा म्हटले तर भांडण व्हायचे! पण तिकडे शिकारी कुत्रा हा निष्ठेचा आणि शौर्याचा नमुना. आयरिश पुराणकथांतला सर्वांत मोठा वीर कू खुलिन. त्याचे मूळ नाव सेतांता. लहानपणी त्याच्या हातून कुलन नावाच्या लोहाराचा राखणदार कुत्रा मारला गेला. तेव्हा पोर म्हणाले, 'दुसरे पिलू वाढून मोठे होईपर्यंत मीच तुझी राखण करतो.' म्हणून त्याचे नाव पडले कू खुलिन, म्हणजे कुलनचा कुत्रा. नावात केवढी जबाबदारी आली पाहा.

रंगरूपावरूनही नावे पडत. 'फिन' म्हणजे गोरा, 'किअरन' म्हणजे काळासावळा, 'डंकन' म्हणजे तपकिरी योद्धा, 'नीव' म्हणजे तेज, 'सोरखा' म्हणजे उजळ. काळासावळा हे नाव कौतुकाने ठेवले जाई, हे लक्षात घ्या.

धर्म बदलला तशी भक्तीची नावे आली. आपल्याकडे रामदास, हरिदास असतात, तसेच तिथे 'मेल' म्हणजे भक्त आणि 'गिल्ला' म्हणजे सेवक हे शब्द संताच्या नावापूर्वी जोडत. ५६३ साली संत कोलंबा आयर्लंडहून स्कॉटलंडच्या आयोना बेटावर गेले आणि तिथे त्यांनी मठ स्थापला. त्या कोलंबाचा भक्त तो 'माल्कम'. हे नाव आपल्या सातारा जिल्ह्याला चांगले ओळखीचे आहे. १८२७ ते १८३० या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेले स्कॉटिश गृहस्थ सर जॉन माल्कम, त्यांच्यावरूनच महाबळेश्वरला माल्कम पेठ म्हणत. सह्याद्रीच्या माथ्यावर गेलिक संताच्या भक्ताचे नाव येऊन बसले, ते असे.

शिक्षकबंधूंना रस वाटेल अशी एक व्याकरणाची गंमत सांगतो. आपण आठवी विभक्ती संबोधनाची शिकवतो. राम, पण हाक मारताना 'रामा'. सीता, पण हाक मारताना 'सीते'. आपल्याकडे शब्दाचा शेवट बदलतो. गेलिकमध्ये शब्दाची सुरुवातही बदलते. 'शेमस' नावाच्या मुलाला हाक मारायची तर ती 'हेमिश' अशी ऐकू येते. इंग्रजी बोलणाऱ्यांनी आयांच्या हाका ऐकल्या आणि हेमिश हेच नाव समजले. आज जगभर हेमिश नावाची माणसे आहेत. वास्तविक ते संबोधन आहे!

इथवर गोडीगुलाबीचे झाले. पण या नावांना सोसावेही पुष्कळ लागले. १३६६ साली किल्केनी येथे कायदा झाला की आयर्लंडमध्ये वसलेल्या इंग्रजांनी इंग्रजी नावेच वापरावीत. १४६५ साली डब्लिनच्या आसपास राहणाऱ्या आयरिश लोकांनाच फर्मावण्यात आले, की गावाचे, रंगाचे किंवा धंद्याचे इंग्रजी आडनाव घ्या. पुढे १८३१ पासून सरकारी शाळा सुरू झाल्या, त्यांत शिक्षण इंग्रजीतून. घरी आई ज्याला 'आयध' म्हणून हाक मारी, तो शाळेच्या आणि चर्चच्या वहीत 'ह्यू' झाला. 'टाइग' म्हणजे कवी. तो 'टिमथी' झाला. 'डिअरमिड' चक्क 'जेरेमाया' झाला. या जोड्यांत अर्थाचा काडीचा संबंध नाही. आवाज थोडाफार जुळला की काम भागले. मूल घरात एक आणि दारात एक, अशी दोन नावे घेऊन वाढू लागले.

१९०५ सालची एक गोष्ट ऐकण्यासारखी आहे. गाडीवर मालकाचे नाव वाचता येईल असे लिहिले पाहिजे, असा नियम होता. डोनेगल परगण्यातल्या नीअल मॅक गिल्ला व्रीदे या माणसाने आपले नाव आयरिशमध्ये लिहिले. त्याला दंड झाला. आयरिश अक्षर म्हणजे न वाचता येणारे अक्षर, असे सरकारचे म्हणणे. डब्लिनच्या वरिष्ठ न्यायालयात त्याची बाजू पॅट्रिक पिअर्स यांनी मांडली; हेच पिअर्स पुढे १९१६ च्या उठावाचे पुढारी झाले आणि त्यांना गोळी घालण्यात आली. खटला हरला. आणि त्या माणसाच्या आडनावाचा अर्थ काय? ब्रिजिडच्या सेवकाचा पुत्र. देशाच्या लाडक्या संताचे नाव स्वतःच्याच गाडीवर लिहिणे हा गुन्हा ठरला.

काळ फिरला. १९२२ मध्ये आयर्लंडचे स्वतंत्र राज्य झाले. १९३७ च्या राज्यघटनेने आयरिशला पहिल्या राजभाषेचे स्थान दिले. आईबाप जुनी नावे पुन्हा ठेवू लागले, काही नवी घडवू लागले. 'सीर्शा' म्हणजे स्वातंत्र्य. हे मुलीचे नाव म्हणून विसाव्या शतकातच आले. 'फीआ' म्हणजे रानातले, मोकळे. २०२१ साली आयर्लंडमध्ये मुलींना सर्वांत जास्त ठेवले गेलेले नाव हेच होते. तरीही रोजच्या व्यवहारात ही भाषा बोलणारे थोडेच उरले आहेत. स्कॉटलंडच्या २०२२ च्या शिरगणतीत गेलिकचे थोडेबहुत ज्ञान असल्याचे सुमारे १ लाख ३० हजार लोकांनीच सांगितले. पुष्कळ घरांत आजीची भाषा गेली, नातीचे नाव तेवढे राहिले. पण तेवढ्यानेही धागा तुटत नाही. मुलगी विचारते, 'माझ्या नावाचा अर्थ काय?' आणि त्या प्रश्नातून एखाद्या घरात भाषा परत येते.

आयरिश अक्षरांवर कधी कधी एक तिरकी रेघ असते. 'शॉन' हे नाव त्या रेघेसह लिहिले तर ते नाव. रेघ गाळली तर त्या शब्दाचा अर्थ होतो 'म्हातारा'. आपल्या काना-मात्रेसारखेच हे आहे. कारकुनाच्या किंवा यंत्राच्या सोयीसाठी ती रेघ गाळू नये, असा तिथल्या लोकांचा आग्रह असतो, तो यासाठी.

आपल्या गावच्या हजेरीपटावरही भिल्ल, गोंड, वारली घरांतली नावे येतात. ती कानाला अनोळखी वाटली की 'सुधारून' लिहिण्याचा मोह होतो. तसे करू नये. मुलाला विचारावे, घरी काय म्हणतात? त्याचा अर्थ काय? ठाऊक नसेल तर आजीला विचारून यायला सांगावे. मूल जे उत्तर आणील, ते शाळेच्या पुस्तकात कुठेही छापलेले नसते.