नव्या कार्यप्रणालीवर निराळा ब्राउझर

आमच्या घरचा संगणक इ. स. २०१५ सालीं घेतलेला आहे; म्हणजे ह्या शाळेंतील खालच्या इयत्तांचे विद्यार्थी त्याच्याहून वयानें लहानच भरतील. त्यावर आमची आई आपल्या बचत गटाचे हिशेब ठेविते, ताई शिष्यवृत्तीचे अर्ज भरते, आणि उरलेल्या वेळांत अभ्यासाचें निमित्त सांगून आम्ही त्याच्यापुढें बसतों. हा संगणक विंडोज १० ह्या कार्यप्रणालीवर चालत असे. कार्यप्रणाली, म्हणजे व्यवहारांत जिला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात ती, ही यंत्राचे अवयव आणि आपण वापरतों ते कार्यक्रम ह्यांच्यामधील कारभारीण होय. १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं मायक्रोसॉफ्ट कंपनीनें ह्या प्रणालीचा नेहमींचा सांभाळ थांबविला. त्या दिवशीं संगणक बंद पडले नाहींत, हें मुद्दाम सांगावेंसें वाटतें; कारण आमच्या आळींत तसा समज पसरून दोघांनीं आपले चालते संगणक भंगारवाल्यास देऊन टाकिले. खरी अडचण निराळी आहे. प्रणालींत पुढें जीं छिद्रें सांपडतील तीं, मुदतवाढीची नोंदणी केल्यावांचून, बुजवून मिळत नाहींत. आणि ज्या यंत्रावरून बँकेचा व्यवहार करावयाचा त्यास छिद्रें असणें बरें नव्हे.

विंडोज ११ घ्यावी, तर ती टीपीएम २.० नांवाची सुरक्षेची सोय मागते, व इंटेलच्या प्रोसेसरांपैकीं आठव्या पिढीच्या पूर्वींचे, थोडे अपवाद सोडल्यास, तिला चालत नाहींत. आमचा प्रोसेसर पांचव्या पिढीचा. नवा संगणक घेण्याची घरीं ऐपत नव्हती. म्हणून आम्ही लिनक्सकडे वळलों.

लिनक्सचा गाभा रचण्यास इ. स. १९९१ मध्यें लिनस टोर्वाल्ड्‌स ह्या हेलसिंकी येथील विद्यार्थ्यानें आरंभ केला. त्या गाभ्याभोंवतीं निरनिराळ्या मंडळींनीं निरनिराळीं घरें बांधिलीं आहेत. त्यांपैकीं लिनक्स मिंट नांवाचें घर आम्हीं पसंत केलें, कारण दोन गीगाबाइट रॅमवरहि तें चालतें, आणि आमच्यापाशीं चार आहे. हिची एक सोय फार मोलाची आहे. पेनड्राइव्हवर प्रणाली उतरवून घेऊन संगणक तिच्यावरून सुरू करितां येतो, व मूळच्या डिस्कला हात न लावितां सर्व कांहीं पाहून घेतां येतें. आम्हीं दोन दिवस अशी पारख केली. आईची अट एकच होती : “माझे हिशेब जाऊं देऊं नका, आणि मराठी नीट दिसलें पाहिजे.” हिशेबांच्या प्रती आधीं दोन ठिकाणीं काढून ठेविल्या, आणि मगच नवी प्रणाली बसविली.

मिंटबरोबर फायरफॉक्स हा ब्राउझर आयताच येतो. मग दुसरा कशास पाहिजे, असें कोणी विचारील. आमचाहि प्रश्न तोच होता, परंतु एका गोष्टीनें आमचें कुतूहल चाळविलें. ब्राउझराचे दोन भाग असतात : बाहेरचा, म्हणजे पत्त्याची पट्टी, टॅब, बटणें इत्यादि, आणि आंतला, म्हणजे इंजिन, जें पानाची संहिता वाचून तिचें चित्र पडद्यावर उमटवितें. बाजारांत ब्राउझर पुष्कळ दिसतात, पण इंजिनें पाहूं जातां मोठीं अशीं तीनच उरलीं आहेत. फायरफॉक्सचें गेको, ॲपलच्या सफारीचें वेबकिट, आणि क्रोमचें ब्लिंक. ऑपेरानें आपलें स्वतःचें इंजिन इ. स. २०१३ मध्यें टाकून क्रोमच्या घराण्याचें घेतलें. मायक्रोसॉफ्टच्या एज ब्राउझरनेंहि जानेवारी २०२० मध्यें तेंच केलें. तेव्हां दुकानावरची पाटी वाचून निराळा ब्राउझर घेतला, तरी आंतला स्वयंपाकी पुष्कळदां तोच असतो. आम्हांस स्वयंपाकी निराळा हवा होता.

शोधाअंतीं ‘वेब’ नांवाचा ब्राउझर सांपडला. हा नोम ह्या प्रकल्पाचा असून वेबकिट इंजिनावर चालतो. त्याचें मूळचें नांव एपिफनी. ख्रिस्ती पंचांगांत ६ जानेवारीस येणाऱ्या सणाचें हेंच नांव आहे, व त्याचा अर्थ प्रकटीकरण असा होतो. इ. स. २००२ मध्यें तो प्रथम निघाला, तेव्हां त्याच्या पोटांत गेको होतें. २००९ मध्यें इंजिन बदललें, आणि २०१२ मध्यें नांवहि बदललें. परिणामीं आज त्यास शोधणें हीच पहिली परीक्षा होऊन बसली आहे, कारण महाजालावर ‘वेब’ हा शब्द शोधणें म्हणजे समुद्रांत पाणी शोधणें होय. भांडारांत तो ‘एपिफनी-ब्राउझर’ ह्या नांवानें मिळतो. शेवटचा शब्द व्यर्थ नाहीं : एपिफनी नांवाचा एक खेळ डेबियनच्या भांडारांत होता, आणि मिंटचा वंश डेबियनपर्यंत जातो. आमच्या धाकट्या भावानें प्रथम तो खेळच उतरवून घेतला व आपण फार मोठें काम केलें असें दिवसभर सांगत फिरला.

ब्राउझर उघडतांच त्याचा साधेपणा डोळ्यांत भरतो. बटणें थोडीं, रंग थोडे, स्वागताचा गाजावाजा नाहीं. जाहिराती अडविण्याची व मागोवा घेणाऱ्यांस रोखण्याची सोय अंगचीच आहे. एखादें संकेतस्थळ स्वतंत्र कार्यक्रमाप्रमाणें निराळ्या खिडकींत ठेवितां येतें. आईसाठीं बँकेचें स्थळ आम्हीं असेंच वेगळें काढून दिलें. उलट, पैसे घेऊन चित्रपट दाखविणाऱ्या स्थळांचीं कुलुपें ह्यास उघडतां येत नाहींत. परीक्षेच्या वर्षांत ही उणीव मानावी कीं गुण, ह्याविषयीं घरांत मतभेद आहे.

आतां मराठीची परीक्षा. टंकलेखनासाठीं मिंटच्या कीबोर्डाच्या रचनांमध्यें मराठी निवडितां येते. इन्स्क्रिप्ट पद्धतींत स्वर डाव्या हाताला व व्यंजनें बहुतेक उजव्या हाताला असतात, त्यामुळें चार दिवसांत हात बसतो. मराठीची खरी कसोटी मात्र रफारावर लागते. ‘आचार्यांना बोलवा’ व ‘आचाऱ्यांना बोलवा’ ह्या दोन वाक्यांत एका ‘र’च्या रूपाचा काय तो फरक, पण पहिल्यानें गुरुजी येतात आणि दुसऱ्यानें स्वयंपाकी. आम्हीं हीं दोन्ही वाक्यें वेब व फायरफॉक्स ह्या दोहोंत लिहून पाहिलीं, आणि दोहोंतहि तीं बिनचूक उमटलीं. ह्याचें कारण असें कीं, अक्षरांची जोडणी करण्याचें काम दोघेहि हार्फबझ नांवाच्या एकाच मोफत ग्रंथालयाकडून करवून घेतात. क्रोमहि तेंच वापरतो. म्हणजे इंजिनें निराळीं असलीं, तरी जोडाक्षरें जुळविणारा कारागीर एकच आहे.

तथापि ताईनें एक खोड काढिली. एका मराठी पानावर ‘ल’ आणि ‘श’ हीं अक्षरें हिंदी वळणाचीं दिसत होतीं. आम्ही ब्राउझरास दोष देऊन मोकळे झालों, परंतु फायरफॉक्समध्येंहि तसेंच दिसलें. कांहीं चांगल्या फॉन्टांत मराठी व हिंदी अशीं दोन्ही वळणें दिलेलीं असतात, पण त्यांपैकीं कोणतें घ्यावें हें ब्राउझर पानाच्या संहितेंत लिहिलेल्या भाषेच्या खुणेवरून ठरवितो. त्या पानाच्या कर्त्यानें आपली भाषा मराठी आहे असें कोठेंच नोंदविलें नव्हतें. आमच्यांतील जे विद्यार्थी पुढें संकेतस्थळें रचतील, त्यांनीं हें एवढेंसें काम विसरूं नये. त्याला फक्त दोन रोमन अक्षरें लागतात.

एवढ्यावर आम्ही वेबच्या बाजूनें निकाल देणार, इतक्यांत ताईच्या अर्जाची शेवटची तारीख आली. संध्याकाळीं सात वाजतां तिनें अर्जाचें संकेतस्थळ वेबमध्यें उघडलें, तों पानाऐवजीं सूचना आली कीं, आपला ब्राउझर चालणार नाहीं. क्रोम, एज किंवा फायरफॉक्स वापरावा. मुदत मध्यरात्रीपर्यंत होती. ताईचा चेहरा उतरला, आणि नवी प्रणाली बसविणाऱ्यांकडे घरांतील सर्वांनीं ज्या दृष्टीनें पाहिलें तिचें वर्णन आम्ही करीत नाहीं.

असें कां व्हावें? प्रत्येक ब्राउझर पान मागतांना आपली ओळख सांगतो. ह्या ओळखीचा इतिहास मोठा विनोदी आहे. नेटस्केपचा ब्राउझर आपणांस ‘मोझिला’ म्हणवीत असे, आणि कित्येक स्थळें आपलीं सुधारलेलीं पानें मोझिलासच देत. म्हणून मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेट एक्स्प्लोररनें स्वतःस मोझिला म्हणविलें. पुढें गेको आलें. तेव्हां केडीई मंडळींच्या केएचटीएमएल ह्या इंजिनानें आपण ‘गेकोसारखें’ आहों असें सांगण्यास आरंभ केला. त्याच इंजिनापासून ॲपलनें वेबकिट काढिलें, व २००३ मध्यें सफारी पुढें आणिला. त्यानें मागचीं सर्व नांवें ठेवून आपलें जोडलें. २००८ मध्यें आलेल्या क्रोमनें सफारीचेंहि नांव लाविलें. आमचा वेबहि स्वतःस मोझिला, वेबकिट, गेकोसारखा आणि शेवटीं सफारी म्हणवितो. एवढी नांवें घेऊनहि त्यांत ‘क्रोम’ वा ‘फायरफॉक्स’ हा शब्द नाहीं. आणि त्या संकेतस्थळाचा द्वारपाल तेवढेच शब्द पाहत असावा. आंतलें पान वेबमध्यें चाललें असतें कीं नाहीं, हें पाहण्याचेंहि कष्ट कोणी घेतले नव्हते. हा अनुभव एकट्या आमचा नसावा. कारण वेबकिटच्या कर्त्यांनींच कांहीं ठराविक स्थळांपुरतें दुसरें नांव सांगण्याची तजवीज आपल्या इंजिनांत करून ठेविली आहे. इंजिनें कमी होत गेलीं म्हणजे काय होतें, तें आम्हांस त्या रात्रीं कळलें : लिहिणारे एकाच इंजिनावर पान तपासतात, आणि बाकीच्यांस दारावरूनच परत लावितात. जुन्या संगणकावर मोफत प्रणाली बसवून घेणाऱ्या घरांस ह्याची झळ अगोदर लागते.

फायरफॉक्स काढून टाकिला नव्हता, हें सुदैव. ताईनें अर्ज त्यांत पुन्हां आरंभापासून भरला, आणि दहा वाजण्याच्या सुमारास तो गेला. तेव्हांपासून घरीं दोन्ही ब्राउझर आहेत : वाचनास व आईच्या बँकेस वेब, अर्जांस फायरफॉक्स. त्या संकेतस्थळाच्या चालकांस आम्हीं एक सविनय पत्र धाडिलें आहे; उत्तर अद्याप नाहीं. अर्जाची पोंच छापावयास बसलों, तों नव्या प्रणालीनें आमचें छपाईचें यंत्र ओळखण्याचें नाकारिलें. परंतु ती हकीकत निराळी आहे.