वेल फुलला, पण काकडी का धरेना?

परसबागेत किंवा गच्चीवर काकडी लावणाऱ्यांची एक तक्रार हमखास ऐकू येते. वेल मांडवावर चढतो, पिवळ्या फुलांनी भरून जातो; पण फुले गळतात आणि काकडी काही हाती लागत नाही. मग खताची मात्रा वाढवली जाते, कीटकनाशक फवारले जाते. वास्तविक हे दोन्ही उपाय रोगापेक्षा भयंकर ठरतात.

काकडीच्या एकाच वेलावर नर व मादी अशी स्वतंत्र फुले येतात. आरंभीची बहुतेक फुले नर असतात. ती गळणे स्वाभाविकच. मादी फुलाच्या पाकळ्यांखाली इवलीशी काकडी आधीपासूनच दिसते. मधमाशीने नर फुलातील पराग तिथवर पोहोचवला, तरच ती वाढते. अन्यथा पिवळी पडून गळते. परागीभवन अर्धवट झाल्यास फळ वाकडे होते. नत्रयुक्त खत जास्त झाल्यास पाने माजतात व फळे कमी धरतात. फुले उमललेली असताना केलेली फवारणी तर मधमाश्यांच्याच जिवावर उठते.

हाताने परागीभवन

मधमाश्या फिरकत नसल्यास हे काम आपण करावे. सकाळी ताजे नर फूल खुडून पाकळ्या काढाव्यात आणि त्याचा मधला भाग मादी फुलाच्या मध्यभागी हलकेच टेकवावा. कारल्यालाही सकाळचीच वेळ योग्य. दोडका व दुधी यांची फुले मात्र संध्याकाळी उमलतात. टोमॅटो, वांगी, मिरची यांच्या एकाच फुलात पुंकेसर व स्त्रीकेसर असल्याने फुलोऱ्यातील झाड हलकेच हलवले तरी पुरते.

पाणी आणि तोडणी

पाण्याचा ताण पडल्यास काकडीत 'कुकुरबिटॅसिन' हे कडू द्रव्य वाढते. ते देठाकडील भागात अधिक असते. फळ पूर्ण कडू लागल्यास खाऊ नये, टाकून द्यावे. काकडीप्रमाणेच दुधीबाबतही ही दक्षता आवश्यक आहे.

लोणच्यासाठी काकडी बोटाएवढी, बी धरण्यापूर्वीच तोडावी. कर्नाटक व तमिळनाडूत निर्यातीसाठी पिकवली जाणारी घेर्किन ही काकडीचाच प्रकार. तिचीही तोडणी अशीच कोवळेपणी करतात. वेलावर एखादे फळ पिकू दिले, तर नवी फळे धरण्याचे प्रमाण घटते. म्हणूनच बहराच्या दिवसांत वेलाकडे रोज सकाळी एक फेरी मारावी. खताच्या आणखी एका पिशवीपेक्षा ती अधिक फलदायी ठरते.