दफ्तर ठेवणारा वेताळ

पावसाळ्यात कर्जतहून खोपोलीकडे जाणाऱ्या गाडीत डाव्या बाजूच्या खिडकीशी बसावे. पळसदरी मागे पडली की सह्याद्रीची भिंत सरळ समोर उभी राहते आणि तिच्यावरून असंख्य पांढऱ्या धारा भाताच्या खाचरांकडे उतरत असलेल्या दिसतात. त्या धारांपैकी एखादीच्या मागे गुप्त वाट असली पाहिजे, ही समजूत वयाच्या दहाव्या वर्षी माझ्या मनात जी बसली ती आज इतकी वर्षे लोटली तरी पुरती गेलेली नाही. कारण वेताळाच्या घनदाट अरण्यात शिरण्याचा मार्ग अशाच एका धबधब्याच्या पडद्याआड होता, आणि आमच्या तालुक्यात धबधब्यांची वाण कधीच नव्हती.

हा वेताळ म्हणजे ली फॉक या अमेरिकन लेखकाचा फँटम. 17 फेब्रुवारी 1936 रोजी तो तिकडच्या वर्तमानपत्रांतील चित्रपट्टीत प्रथम अवतरला, म्हणजे सुपरमॅनच्याही दोन वर्षे आधी. आणि अंगाला घट्ट बसणारा पोशाख नि बुबुळे न दिसणारा मुखवटा ही जी वेषभूषा पुढे अशा नायकांची जवळजवळ सनदच होऊन बसली, तिची सुरुवात त्याच्यापासून झाली असे मानतात. आपल्याकडे तो घरोघर पोहोचला तो मार्च 1964 मध्ये टाइम्स ऑफ इंडियाच्या बेनेट कोलमन कंपनीने सुरू केलेल्या ‘इंद्रजाल कॉमिक्स’मुळे. पहिला अंक इंग्रजीत होता, किंमत साठ पैसे. पुढे हिंदी, मराठी, गुजराती, बंगाली, तमिळ अशा भाषांतून ही मालिका निघू लागली, मासिकाची पाक्षिक झाली आणि अखेरीस साप्ताहिकही झाली. मुखपृष्ठे बहुतांशी गोविंद ब्राह्मणिया या चित्रकाराच्या हातची असत. आतली चित्रे परदेशी चित्रपट्ट्यांतून घेतलेली. पण अंक हाती घ्यायला लावणारे ते रंगीत मुखपृष्ठ मात्र इथल्या कुंचल्याचे, ही गोष्ट मला फार उशिरा कळली आणि कळल्यावर फार समाधान वाटले.

मराठीत या नायकाला ‘वेताळ’ म्हणण्याचे ज्याला सुचले, त्याच्या प्रतिभेचे मला आजही कौतुक वाटते. भूत म्हणता आले असते, पिशाच म्हणता आले असते, छाया म्हणता आले असते. परंतु त्यांतला एकही शब्द राखणदार नव्हे. वेताळ हा कोकणात भुतांच्या गणांचा अधिपती आणि गावाच्या हद्दीचा पहारेकरी. शिवेवरच्या झाडाखाली शेंदूर फासलेल्या दगडाच्या रूपाने तो बसतो आणि रात्री गावाभोवती फेरी मारतो. वेंगुर्ले तालुक्यात आरवलीच्या वेतोबाला भाविक चामड्याच्या मोठमोठ्या वहाणा वाहतात, कारण रात्रीच्या फेरीत त्याच्या पायातल्या वहाणा झिजतात अशी श्रद्धा आहे. इंग्रजीत फँटमचे बिरुद ‘चालणारे भूत’ अशा अर्थाचे आहे. ली फॉकला आरवलीची खबर असणे शक्य नव्हते. तरी वहाणा झिजेपर्यंत आपल्या मुलखाभोवती फिरणारा देव आणि अरण्याची शीव राखीत चालणारे हे भूत यांची गाठ एका भाषांतरकाराने एका शब्दात घालून दिली. शिवाय ‘चांदोबा’ वाचणाऱ्या मुलांना वेताळ हा शब्द आधीच ठाऊक होता. खांद्यावर प्रेत, हातात उपसलेली तलवार आणि पायाशी कवट्या, असे शंकर या चित्रकाराने रेखाटलेले विक्रमाचे चित्र ज्याने एकदा पाहिले तो ते विसरत नाही. त्यामुळे जांभळ्या पोशाखातला, घोड्यावर बसलेला हा नवा वेताळ आम्हांला परका वाटलाच नाही.

माझे वडील, ज्यांना आम्ही अण्णा म्हणत असू, खालापूरच्या मामलेदार कचेरीत कारकून होते. आमचे बिऱ्हाड कर्जतला. अण्णा सकाळच्या गाडीने खोपोलीला जात आणि तिथून पुढे एस.टी.ने कचेरी गाठत. तेव्हा आमचा जिल्हा कुलाबा होता, रायगड हे नाव त्याला 1981 साली मिळाले. घरात वाचनाला मज्जाव नव्हता, परंतु चित्रांच्या पुस्तकांनी मुलांची भाषा बिघडते आणि वाचनाची सवय मोडते, असे त्या काळातल्या पुष्कळ सुशिक्षित माणसांप्रमाणे अण्णांचेही ठाम मत होते. 1968 च्या दिवाळीत मामाने आणलेला इंद्रजालचा अंक त्यांनी माझ्या हातून काढून घेतला तेव्हा मी काही बोललो नाही. रात्री पाणी प्यायला उठलो तो ओटीवर कंदील जळत होता आणि अण्णा चष्मा कपाळावर चढवून, पुस्तक डोळ्यांजवळ धरून बसले होते. मी दाराशी उभा आहे हे त्यांना कळले, पण त्यांनी पुस्तक लपवले नाही. त्यांनी मला जवळ बोलावले आणि एका चौकटीवर बोट ठेवले. कवटीच्या गुहेत भिंतीला लागून जाडजूड जुन्या वह्यांची रांग होती आणि वेताळ त्यांतली एक उघडून वाचीत होता.

“हे बघ,” अण्णा म्हणाले, “याच्या पूर्वजांनी दफ्तर ठेवलंय. बापाने लिहिलं, आज्याने लिहिलं, पणज्याने लिहिलं. म्हणून हा मरत नाही. लोक म्हणतात भूत आहे. भूत कसलं, नोंद आहे!”

त्यानंतर माझ्या अंकांवर पुन्हा जप्ती आली नाही.

पुढच्या काळात मी पुष्कळ वीरपुरुष वाचले, पण अण्णांनी त्या रात्री दाखवलेली ती चौकट हीच माझ्या आवडीची कसोटी होऊन बसली. वेताळाची कथा थोडक्यात अशी आहे: सोळाव्या शतकात, 1536 साली, समुद्री चाच्यांनी एक जहाज बुडवले, त्यातून वाचून किनाऱ्याला लागलेल्या एका तरुणाने आपल्या बापाच्या मारेकऱ्याच्या कवटीवर हात ठेवून शपथ घेतली की चाचेगिरी, लोभ, क्रौर्य आणि अन्याय यांच्याविरुद्ध मी आयुष्य वेचीन आणि माझे वंशजही तेच करतील. बापामागून मुलगा तोच पोशाख चढवतो, तीच मुद्रा बोटात घालतो, आणि जगाला वाटते की चारशे वर्षे हा एकच माणूस जिवंत आहे. आपण ज्याच्या कथा वाचतो तो एकविसावा. म्हणजे त्याच्याजवळ अमानुष शक्ती एकही नाही. गोळी लागली तर तो मरेल, आणि त्याचे अनेक पूर्वज तसे मेलेही. त्याचे अमरत्व हे शरीराचे नसून वतनाचे आहे, आणि वतन टिकते ते वारसनोंदीने. त्याच्या एका पूर्वजाने स्थापलेल्या जंगल गस्तीदलाचा तो अज्ञात सेनापती असतो. दलातल्या शिपायांनी त्याला कधी पाहिलेले नसते, आणि त्याचे हुकूम कर्नलसाहेबांच्या कचेरीतल्या एका तिजोरीत लेखी स्वरूपात येऊन पडतात. तिजोरीवरचा दिवा लागला की हुकूम आला असे समजायचे. अण्णांना ही तिजोरी अतिशय प्रिय होती. तोंडी हुकमावर चालणाऱ्या कारभाराने त्यांना आयुष्यभर मनस्ताप दिला होता.

तथापि वेताळावर माझे प्रेम आहे म्हणून त्याचा एक मोठा दोष झाकून ठेवणे योग्य होणार नाही. अरण्यातल्या शेकडो वर्षांच्या रहिवाशांना न्याय मिळवून देण्यासाठी एका गोऱ्या घराण्याने पिढ्यान्पिढ्या तिथे राज्य करावे, ही कल्पना साम्राज्याच्या काळात जन्मली आणि तो डाग तिच्यावर कायम आहे. लहानपणी मला हे जाणवले नाही. जाणवले ते पुढे, आमच्या तालुक्यातल्या ठाकूरवाड्या आणि कातकरवाड्या पायी हिंडू लागल्यावर. ज्या माणसाला कोणत्या ओढ्याला कधी पाणी येते, कोणता कंद किती उकडावा, कोणत्या खिंडीतून घाट चढावा हे मुखोद्गत आहे, त्याला बाहेरून आलेल्या रक्षकाची गरज का असावी? गुरान हा वेताळाचा बुटका मित्र त्याची सर्व गुपिते जाणतो, वेळप्रसंगी त्याचे प्राण वाचवतो. आता मी जुने अंक उघडतो तेव्हा माझी नजर पुष्कळदा वेताळाला सोडून गुरानवर स्थिरावते.

आणि आमच्या मुलखाला खिंडींचे आणि अरण्याचे स्वतःचे वीर होतेच. याच खालापूर तालुक्यात, उंबरखिंडीत, 2 फेब्रुवारी 1661 रोजी शिवाजीमहाराजांनी कारतलबखानाच्या मोठ्या फौजेला दाट रानात कोंडून शरण आणले. ज्यांना लोक ‘प्रतिशिवाजी’ म्हणत त्या सरनोबत नेताजी पालकरांचे गाव चौक, तेही याच तालुक्यात. एक शिवाजी इथे असताना दुसरा शिवाजी तिथे आहे असा भास शत्रूला व्हावा, यात वेताळाच्या कथेचे सारे मर्म आले. अलीकडच्या काळातले म्हणाल तर माथेरानचे वकील भाई कोतवाल आणि कर्जतजवळच्या मानिवलीचे हिराजी पाटील. ‘आझाद दस्ता’ उभारून, विजेचे मनोरे पाडून त्यांनी 1942 च्या लढ्यात सरकारला हैराण केले आणि 2 जानेवारी 1943 च्या पहाटे सिद्धगडाच्या रानात दोघांना वीरमरण आले. शाळेत असताना आम्ही मित्र अरण्याचा खेळ खेळत असू तेव्हा निम्मी मुले वेताळ होत आणि निम्मी भाई कोतवाल. आमच्या खेळात त्या दोघांचे कधी वाकडे आले नाही.

इंद्रजालमधल्या दुसऱ्या ज्या पात्राने मला जिंकले तो बहादूर. डिसेंबर 1976 मध्ये आबिद सुरती या लेखकाने त्याला जन्म दिला आणि गोविंद ब्राह्मणियांनीच त्याला रूप दिले. ‘धर्मयुग’मधला ढब्बूजी ज्यांना आठवतो त्यांना सुरतींची ओळख करून द्यायला नको. बहादूर हा चंबळच्या खोऱ्यातल्या एका डाकूचा मुलगा. बाप पोलिसांच्या गोळीने मेला म्हणून सुडाची आग घेऊन वाढलेला, आणि पुढे सत्य कळल्यावर डाकूंपासून गावांचे रक्षण करण्यासाठी नागरिकांचेच दल उभारणारा. अंगात भगवा कुडता, खाली जीन्स. जयप्रकाश नारायणांपुढे चंबळच्या डाकूंनी शस्त्रे ठेवली त्याला तेव्हा चारपाचच वर्षे झाली होती. म्हणून ही कथा आम्हांला वर्तमानपत्रातून उठून आल्यासारखी वाटे. वेताळ बापाचे वतन पुढे चालवतो, बहादूर बापाचे वतन नाकारतो. कोणते अधिक कठीण, यावर मी आणि अण्णांनी कर्जतच्या फलाटावर, घाट चढण्यासाठी पुण्याच्या गाडीला मागून इंजिने जोडली जात असताना, कितीदा वाद घातला असेल याची गणना नाही. अण्णांचे मत बहादूरच्या बाजूचे होते. माझेही आता तसेच झाले आहे. वारस होणे भाग्यावर अवलंबून असते. वारसा तपासून पाहणे हे स्वतःच्या हिमतीवर करावे लागते.

जादूगार मॅन्ड्रेक मला फारसा भावला नाही; बोटे फिरवून भ्रम निर्माण करणाऱ्या त्या गृहस्थापेक्षा राज्यावर पाणी सोडून त्याच्याबरोबर निघालेला बलाढ्य लोथार मला थोर वाटे. चष्मा लावणारा, शांत डोक्याचा गुप्तहेर रिप किर्बी मात्र आवडे. अमर चित्रकथा 1967 मध्ये अनंत पै यांनी सुरू केली आणि 1980 मध्ये ‘टिंकल’. त्यांची आठवण निघाली की मी माझ्या नातवंडांना आवर्जून सांगतो की सुप्पंडीचा तो निमुळता चेहरा राम वाईरकरांनी घडवला, डोळ्यांवर टोपी ओढलेला शिकारी शंभू वसंत हळबे यांच्या रेषेतून उतरला, आणि शिवकालाची चित्रे प्रताप मुळीक यांच्या हातची आहेत. नायकाचे नाव सर्वांच्या तोंडी असते, त्याला हातपाय देणाऱ्याचे नाव कुणाला ठाऊक नसते. 1991 च्या नोव्हेंबरात ‘सकाळ’मध्ये चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा चिंटू आला तेव्हा माझी मुलगी लहान होती, तिचा वीर तोच, आणि त्याला ना मुखवटा लागला ना घोडा.

इंद्रजाल 1990 मध्ये बंद पडले. आठशेहून अधिक अंक निघाले होते. इंग्रजी आणि हिंदी अंकांचे संग्राहक पुष्कळ आहेत. मराठी अंक मात्र हाती लागणे दिवसेंदिवस दुर्घट होत चालले आहे, कारण आमच्या घरांतून ते वाचून झाले की शेजारी गेले, शेजाऱ्याकडून वाण्याकडे गेले आणि पुड्या होऊन परत आले. जे माळ्यावर राहिले त्यांना इथला पाऊस आणि कसर यांनी सोडले नाही. माझ्याजवळ सत्तरएक अंक आहेत. त्यांत कडुलिंबाचा सुका पाला घालून मी ते पत्र्याच्या ट्रंकेत ठेवतो आणि दर वर्षी दसऱ्यानंतर, हवा कोरडी झाली की, एक दिवस ओटीवर पसरून वारा देतो. त्या दिवशी गल्लीतली मुले आपोआप जमतात.

वाचकांना, विशेषतः कर्जत, नेरळ, खोपोली, चौक या बाजूच्या वाचकांना, माझी विनंती आहे. घर पाडताना, माळा आवरताना, जुन्या ट्रंकेत एखादा मराठी इंद्रजाल सापडला, मग त्याचे मुखपृष्ठ फाटलेले असो वा मधली पाने गेलेली असोत, तो रद्दीत घालण्यापूर्वी त्याचा क्रमांक, कथेचे नाव, तारीख आणि किंमत एका कागदावर उतरवून ठेवा, आणि जमल्यास तो अंक गावच्या वाचनालयात द्या. मी अण्णांच्या पद्धतीने एक वही आखली आहे: क्रमांक, नाव, तारीख, किंमत, अंकाची स्थिती, शेरा. पहिल्या अंकापासून रकाने पाडले आहेत, आणि त्यांतले बहुतेक अजून कोरे आहेत.