दुर्बिणीच्या ऑपरेशनआधी विचारायचे ते

"पिशवीत गाठ आहे, दुर्बिणीतून काढून टाकू," असे डॉक्टर म्हणाले की घरात आधी खर्चाची चर्चा होते, मग घरचे कोण सांभाळणार याची. गाठ नेमकी कसली, हे कशावरून ठरवले, हा प्रश्न मागेच राहतो. अम्मी, खाला संकोचतात आणि घरातले पुरुष तर या विषयापासून लांबच.

गर्भाशयातल्या बहुतेक गाठी फायब्रॉइडच्या, म्हणजे साध्या असतात. पण क्वचित एखादी लिओमायोसार्कोमा या वेगाने पसरणाऱ्या कॅन्सरची निघते, आणि दिसते फायब्रॉइडसारखीच. दुर्बिणीच्या ऑपरेशनात कधी कधी मॉर्सेलेटर या फिरत्या पात्याच्या यंत्राने गाठीचे तुकडे करून त्या लहान छिद्रातून काढतात. गाठ कॅन्सरची असेल, तर तिचे कण पोटात विखुरतात. अमेरिकेतल्या डॉ. एमी रीड या स्वतः भूलतज्ज्ञ, सहा मुलांची आई. २०१३ मध्ये त्यांच्या बाबतीत हेच घडले. पतीसह त्यांनी या यंत्राविरुद्ध आवाज उठवला. २०१७ मध्ये त्यांचे निधन झाले. तिथल्या एफडीएने २०१४ मध्ये अंदाज दिला : फायब्रॉइड समजून ऑपरेशन होणाऱ्या सुमारे ३५० स्त्रियांत एकीला न ओळखलेला सार्कोमा असतो.

मग आधी ओळखता येत नाही का? खात्रीने नाही, हेच खरे. पिशवीचे आतले अस्तर खरवडून केलेली बायोप्सी निर्दोष आली की आपण निश्चिंत होतो. पण हा कॅन्सर अस्तरात नव्हे, स्नायूच्या भिंतीत वाढतो, म्हणून तो हुकू शकतो. सोनोग्राफीत फरक करणे अवघड. एमआरआय अधिक सांगतो : वेड्यावाकड्या कडा, गाठीत रक्तस्राव किंवा मृत भाग दिसला तर संशय वाढतो. रक्तातील एलडीएच वाढणे हाही इशारा असू शकतो. मात्र ते इतर अनेक कारणांनीही वाढते, एकट्या आकड्यावर निर्णय नको.

पाळी बंद झाल्यावर गाठ वाढत असेल किंवा पुन्हा रक्त जात असेल, तर आम्ही म्हणू, घाई करून टेबलावर जाऊ नका. पूर्वी ओटीपोटाला रेडिएशन किंवा स्तनाच्या कॅन्सरसाठी टॅमॉक्सिफेन घेतले असेल, तर तेही सांगा. एमआरआय करायचा का, गाठ अखंड काढता येईल का, तुकडे करायचेच तर बंद पिशवीत करणार का, हे विचारा. लाज वाटत असेल तर लेडी डॉक्टरकडे जा, बरोबर मुलीला किंवा नणंदेला न्या. आणि काढलेली गाठ पॅथॉलॉजी तपासणीला गेली का, हे पाहून तिचा रिपोर्ट घरी जपून ठेवा.