शाळेची काटकसर : ओझे कोणाच्या पाठीवर?

हमालीच्या धंद्यात पहिल्याच दिवशी जी गोष्ट कळते ती ही, की ओझे कधी नाहीसे होत नाही. ते एका पाठीवरून दुसऱ्या पाठीवर जाते. एकाने "मी मोकळा झालो" असे म्हटले, म्हणजे दुसरा कोणी तरी वाकला आहे असे खुशाल समजावे. हिंगोलीच्या बाजारात हळदीची आणि सोयाबीनची पोती वाहणाऱ्या माणसांची संघटना बांधण्यात आमचे आयुष्य गेले. शाळाखात्याशी आमचा संबंध इतकाच, की या माणसांची मुले जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकतात, आणि आम्ही स्वतः सातवीनंतर शाळा सोडली ती पुढची शाळा बारा किलोमीटरवर होती म्हणून. पुढे जे शिकलो ते सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर आणि कामगार कायद्याची पुस्तके चाळता चाळता. तेव्हा पुसेगावच्या श्रोत्यांपुढे शाळेच्या जमाखर्चावर बोलण्याचा आमचा अधिकार काय, असे कोणी विचारल्यास उत्तर एवढेच, की ओझ्याचा हिशेब आम्हांस कळतो.

सरकारच्या तिजोरीत चणचण पडली की काटकसरीची पत्रके निघतात. काटकसर वाईट नव्हे. आपल्या घरांतून ती पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. परंतु बाजारात शेतकऱ्याच्या मालाला लावलेला कडता आणि घरच्या बाईने डब्यात बाजूला ठेवलेले मूठभर धान्य, या दोन्हींना आपण "वाचले" असे म्हणत नाही. पहिल्यात एकाचे दुसऱ्याकडे गेले. दुसऱ्यात खरोखर शिल्लक पडली. शाळेच्या प्रत्येक काटकसरीला हाच एक प्रश्न विचारावा : खर्च कमी झाला, की खर्चाची जागा बदलली?

प्रथम पैसा जातो कोठे ते पाहू. 1962 साली जिल्हा परिषदा आल्या तेव्हापासून खेड्यातली प्राथमिक शाळा त्यांच्याकडे आहे; पण शिक्षकांचा पगार राज्याच्या तिजोरीतून येतो, आणि शाळेच्या एकूण खर्चातला फार मोठा वाटा या पगाराचाच असतो. खडू, झाडू, दुरुस्ती, वीज यांसाठी समग्र शिक्षा योजनेतून वार्षिक अनुदान मिळते. त्या योजनेत केंद्राचे 60 आणि राज्याचे 40 टक्के. 2018 साली ती सुरू झाली. तिच्या निकषांप्रमाणे तीस मुलांपर्यंतच्या शाळेला वर्षाला 10 हजार रुपये आणि शंभरापर्यंतच्या शाळेला 25 हजार रुपये धरले आहेत. हातात पूर्ण किती पडतात आणि कोणत्या महिन्यात पडतात, ते मुख्याध्यापकांना विचारावे. दहा हजारांत बारा महिने इमारत राखायची, म्हणजे महिन्याला आठशे तेहतीस रुपये. यात उधळपट्टी शोधणाऱ्यास आम्ही कोपरापासून नमस्कार करतो.

म्हणजे मोठी रक्कम वाचवायची तर हात पगाराला किंवा शाळेच्या अस्तित्वालाच लागणार, आणि लागतो तसाच. पगाराची सर्वांत मुकी काटकसर म्हणजे जागा रिकामी ठेवणे. पत्रक नको, ठराव नको. माणूस निवृत्त झाला, त्याची खुर्ची तशीच राहिली. जुलै 2023 मध्ये निवृत्त शिक्षकांना महिना 20 हजार रुपयांवर पुन्हा घेण्याची सोय झाली. कायम शिक्षकाच्या पगाराशी ताडून पाहिले तर बचत डोळ्यांत भरते. पण दर काही महिन्यांनी बदलणारा गुरुजी कोणत्या पोराचे कोठे अडते हे केव्हा ओळखणार? कंत्राटी कामाची ही रीत आमच्या ओळखीची आहे. तीत मालकाचे जे वाचते त्याची किंमत कामातून वसूल होते, आणि येथे काम म्हणजे मूल आहे.

जेवणाची गोष्ट याहून स्पष्ट. नोव्हेंबर 2023 पासून शाळेच्या दुपारच्या जेवणात आठवड्याला एक अंडे मिळू लागले. जानेवारी 2025 मध्ये त्याचा स्वतंत्र निधी बंद झाला आणि अंडे किंवा गोड पदार्थ द्यायचा तर लोकसहभागातून द्यावा असे सांगण्यात आले. अंडे पाच-सहा रुपयांचे. ज्या गावात बागायतदार आहेत, दुकानदार आहेत, तेथे वर्गणी जमेल. ज्या तांड्यावर आईबाप ऊसतोडीला गेले आहेत तेथे ती कोण देणार? ज्याला अंड्याची गरज सर्वांत जास्त, त्याच्याच ताटातून ते आधी गेले. आणि हे अन्न शिजविणाऱ्या बाया 2023 पर्यंत महिना 1,500 रुपयांवर राबत होत्या, मग 2,500 झाले. काटकसर काय असते हे त्यांना कोणी शिकवू नये.

आता लहान शाळा बंद करण्याविषयी जरा सविस्तर बोलू, कारण सेनगाव तालुक्यातल्या वाड्यावस्त्यांना याची झळ थेट लागते. 2017 च्या अखेरीस दहांहून कमी मुलांच्या 1,314 शाळा जवळच्या शाळांत मिसळण्याचा निर्णय झाला. 2023 मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांच्या जागी समूह शाळा काढण्याचा विचार पुढे आला. अशा शाळा राज्यात पावणेपंधरा हजारांच्या आसपास आणि त्यांत सुमारे 1 लाख 85 हजार मुले होती. समूह शाळेच्या बाजूनेही बोलण्यासारखे आहे, ते आम्ही लपविणार नाही. बारा मुले चार इयत्तांत विभागली तर एका वर्गात तीनच मुले. खेळायला गडी नाही, स्पर्धा नाही, प्रयोगाचे साहित्य नाही. मोठ्या शाळेत हे सारे मिळू शकते.

पण हा युक्तिवाद शिक्षणाचा झाला, पैशाचा नव्हे. पैशाचा हिशेब असा : शाळा बंद झाली तरी तेथला कायम शिक्षक पगारावर राहतोच, तो दुसऱ्या शाळेत जातो. वाचले काय, तर ते दहा हजारांचे अनुदान आणि विजेचे बिल. शिक्षण हक्क कायद्यावरील राज्याच्या नियमांत पाचवीपर्यंत एक किलोमीटर आणि आठवीपर्यंत तीन किलोमीटर अंतर धरले आहे. त्याहून लांब नेले तर ने-आण करण्याची गाडी आली, म्हणजे नवा खर्च आला. गाडी दिली नाही तर तो खर्च रोजंदारीवर जाणाऱ्या बापाने सोसायचा, कारण पोराला पोचवायला गेले की अर्धा रोज बुडतो. मुलींना एस.टी.चा पास अहिल्याबाई होळकरांच्या नावाच्या योजनेत फुकट आहे खरा. पण वाडीवर एस.टी. येत नसेल तर पास फडताळात राहतो आणि मुलगी घरात राहते. आम्ही मुलगे असून बारा किलोमीटर चाललो नाही.

याचा मोठा दाखला मद्रास राज्यात घडून गेला. 1953 साली राजाजी मुख्यमंत्री असताना त्यांनी प्राथमिक शाळा अर्ध्या वेळेची केली. मुलाने एक पाळी शाळेत बसावे आणि उरलेला वेळ बापाच्या धंद्यात शिकावे. त्याच शिक्षकाकडे, त्याच खोलीत दोन पाळ्यांत दुप्पट मुले बसतील, हे गणित कागदावर चोख होते. पण चांभाराचा मुलगा चांभारच राहणार असा त्याचा अर्थ लोकांनी घेतला आणि रान उठले. 1954 मध्ये राजाजी पायउतार झाले आणि कामराजांनी ती योजना रद्द केली. पुढे 1956 पासून त्यांनी शाळेत दुपारचे जेवण सुरू केले. पैसा तेव्हाही तुटपुंजाच होता.

तर मग खरी बचत कोठे आहे? ती लहान लहान जागी आहे, आणि त्यांतली पहिली जागा छत. आमच्या पाहण्यातल्या एका शाळेत (नाव सांगण्याचे कारण नाही) स्लॅबवरचे पाणी खाली आणणाऱ्या नळीत पोरांचा रबरी चेंडू अडकला होता. दोन पावसाळे स्लॅबवर तळे साचले. तिसऱ्या वर्षी गिलावा पडू लागला, सळ्या गंजून फुगल्या आणि ती खोली वापरायला धोक्याची ठरली. तीन इयत्ता व्हरांड्यात आल्या. नवीन खोलीला लाखो रुपये लागतात आणि मंजुरीला वर्षे लागतात. मृगाआधी एक माणूस शिडी घेऊन वर चढला असता तर त्याची निम्म्या दिवसाची मजुरी पडली असती. दुरुस्तीचा पैसा कापणे ही सर्वांत महाग काटकसर आहे, कारण तिचे बिल तीन वर्षांनी येते आणि तोवर कापणारा साहेब बदलून गेलेला असतो.

विजेच्या बाबतीत शाळेचे बिल एकदा नीट वाचावे. सरकारी शिक्षणसंस्थांसाठी महावितरणच्या दरपत्रकात सार्वजनिक सेवेचा स्वतंत्र वर्ग आहे. आपली शाळा त्यातच आहे की व्यापारी दराने भरते आहे, ते बिलावर दिसते. मंजूर भार गरजेपेक्षा जास्त घेतलेला नाही ना, तेही पाहावे. बिल थकले की व्याज चढते, मग जोडणी तुटते, आणि शाळेला मिळालेले संगणक धूळ खातात. पंख्यांबद्दल हल्ली फार ऐकू येते, म्हणून आम्ही आकडा मांडून पाहिला. चार खोल्यांत आठ पंखे, प्रत्येकी 75 वॅट, रोज पाच तास, वर्षाचे 200 दिवस, म्हणजे 600 युनिट. नव्या तऱ्हेचे 30 वॅटचे पंखे लावले तर 240 युनिट. वाचले 360, युनिटला आठ रुपये धरले तर 2,880 रुपये. आठ नव्या पंख्यांना वीस हजारांवर खर्च येईल. तेव्हा चालता पंखा काढून टाकू नये. जळाला की त्या जागी नवा बसवावा.

याच्याशेजारी दुसरा आकडा ठेवा. समजा, शिक्षकाचा पगार 60 हजार. महिन्याला 25 दिवस, दिवसाला सहा तास धरले, तर एका तासाची किंमत 400 रुपये होते. माहिती भरणे, फोटो चढविणे, तक्ते पाठविणे यांत रोज एक तास गेला, तर 200 दिवसांत एका शिक्षकामागे 80 हजार रुपये वर्गाबाहेर गेले. शिक्षण हक्क कायद्याच्या 27 व्या कलमात जनगणना, आपत्तीतील मदत आणि निवडणुका एवढीच बिगरशैक्षणिक कामे शिक्षकाला लावता येतात असे म्हटले आहे. तीच माहिती तीन कार्यालयांनी तीनदा मागविण्याचे थांबविले तर त्यात कोणाच्याही पोटावर पाय येत नाही. आमच्या मते सरकारी शाळेतली सर्वांत मोठी बचत येथे पडून आहे.

खरेदीत घाऊक तेवढे स्वस्त, असा एक समज आहे. पुस्तकाच्या बाबतीत तो बरोबर आहे. 1967 साली बालभारती निघाली तेव्हापासून राज्यभरची पाठ्यपुस्तके एका ठिकाणी छापल्याने ती स्वस्त पडतात. (त्याच पुस्तकांत 2023 पासून वहीची कोरी पाने घातली होती, पुस्तके जाड झाली, आणि 2025 च्या आरंभी तो निर्णय मागे घेतला गेला.) पण गणवेश म्हणजे पुस्तक नव्हे, तो अंगाला बसावा लागतो. 2024-25 साली सगळ्या राज्याला एकच गणवेश वरून देण्याचे ठरले. कापड मध्यवर्ती खरेदीचे, शिलाई महिला बचत गटांची. कित्येक ठिकाणी गणवेश उशिरा आले, कित्येकांचे माप चुकले, आणि डिसेंबर 2024 मध्ये हे काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे सोपविण्यात आले. एका जोडाला 300 रुपये या दरात गावातला शिंपी पोराला समोर उभे करून माप घेतो, आणि पैसा गावातच फिरतो. जुनी पुस्तके परत घेऊन पुढच्या वर्गाला देणे हेही चांगले. मात्र ज्यांत मुलांनी लिहायचे असते ती पुस्तके यातून वगळावी लागतील.

वाटून घेण्याजोगेही पुष्कळ आहे. दहा-बारा शाळांचे एक केंद्र असते. प्रक्षेपक, विज्ञानाची पेटी, ग्रंथपेटी, चित्रकलेचा शिक्षक, ही सारी प्रत्येक शाळेत असण्याची गरज नाही. मूल बारा किलोमीटर नेण्यापेक्षा पेटी नेणे स्वस्त.

लोकवर्गणीस आमचा विरोध आहे असे मात्र कोणी समजू नये. निजामी राजवटीत 1921 साली हिप्परग्यास राष्ट्रीय शाळा उभी राहिली ती लोकांच्या बळावर. ना. म. जोशींबरोबर कामगार चळवळीत राबलेले स्वामी रामानंद तीर्थ त्या शाळेत शिकवीत असत, याचा आम्हां संघटनेतल्या माणसांस अभिमान वाटतो. पण ते सरकार आपले नव्हते. आता काड्याची पेटी घेतानाही आपण कर भरतो. वर्गणीतून शाळेला झाडे लावावीत, रंग द्यावा, ग्रंथ द्यावेत. मुलांचे जेवण आणि शिक्षक वर्गणीवर टाकू नये.

हे सारे पाहावयाचे कोणी? शाळा व्यवस्थापन समितीत कायद्याने तीनचतुर्थांश सभासद पालक असतात आणि निम्म्या स्त्रिया. शाळेचा विकास आराखडा करणे आणि अनुदानाच्या खर्चावर देखरेख ठेवणे हे तिचेच काम आहे. पुष्कळ ठिकाणी सभासदांना सहीपुरते घरी गाठतात. पुढच्या बैठकीस स्वतः जावे, मजुरीचा दिवस असेल तर संध्याकाळची वेळ मागून घ्यावी, आणि तीन कागद मागावेत : मागील वर्षाच्या अनुदानाची खर्चवही, विजेची शेवटची तीन बिले आणि मंजूर व रिकाम्या जागांचा तक्ता. आणि चैत्र चालू आहे तोवर कोणी तरी शिडी लावून छतावर चढून यावे.