एकाच आजाराला निरनिराळी औषधे का?

स्तनाच्या कर्करोगाने आजारी असलेल्या भगिनींचे नातलग आम्हांस पुष्कळदा विचारतात, "शेजारच्या बाईंना ते महागडे इंजेक्शन सुरू झाले, मग आमच्या आईला का नाही?" डॉक्टरांनी हात आखडता घेतला, अशी शंका मनात घर करते. तिचे उत्तर बहुधा तपासणीच्या अहवालातच असते.

पेशीच्या पातळ आवरणात काही प्रथिने रुतून बसलेली असतात. त्यांना रिसेप्टर, म्हणजेच ग्राही, म्हणतात. त्यांचे एक टोक पेशीच्या बाहेर, दुसरे आत. बाहेरचा रासायनिक निरोप ते आत पोहोचवितात. औषधाला पेशीत न शिरताही बाहेरचे टोक गाठता येते. दम्याच्या पंपातील सालब्युटामॉल आणि रक्तदाबावरील अटेनोलॉल ही परिचित औषधेही अशीच. पहिले ग्राहीला चेतविते, दुसरे रोखते.

'हर-टू' हा ग्राही पेशीला वाढीचा इशारा देतो. निरोगी पेशीवर तो बेतानेच असतो. स्तनाच्या कर्करोगाच्या सुमारे १५ ते २० टक्के रुग्णांत मात्र त्याच्या जनुकाच्या जादा प्रती होतात, ग्राहींची गर्दी होते आणि इशारा थांबतच नाही. अशा रुग्णांत रोग लवकर उलटतो, हे अमेरिकेतील डॉ. डेनिस स्लेमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ साली दाखविले. या ग्राहीच्या बाहेरील टोकाला चिकटणारे ट्रॅस्टुझुमॅब हे प्रतिपिंड तेथे १९९८ साली मंजूर झाले. ते वाढीचा इशारा मंदावते, शिवाय शरीराच्या रोगप्रतिकारक पेशींना गाठीवर सोडते.

ज्या गाठीवर हे ग्राही वाढलेले नाहीत, तेथे ट्रॅस्टुझुमॅबचा लाभ नाही. हृदय अशक्त होण्याचा धोका मात्र राहतो. (म्हणूनच उपचारादरम्यान इको करवितात.) याच प्रतिपिंडाला केमोचे औषध जोडून केलेले नवे औषध २०२२ साली अमेरिकेत थोडे ग्राही असलेल्या काही रुग्णांसाठीही मंजूर झाले, पण तो निर्णयही अहवाल पाहूनच होतो.

अहवालात 'हर-टू'पुढे ० ते ३ यांपैकी एक आकडा असतो. ३ म्हणजे ग्राही वाढलेले, ० किंवा १ म्हणजे नाहीत. २ आला तर निश्चित सांगता येत नाही आणि 'फिश' ही जनुकांची तपासणी करावी लागते. नाव मासळीबाजारातले वाटले तरी! अहवालावर २ असेल आणि ही तपासणी झाली नसेल, तर डॉक्टरांना निःसंकोच विचारावे.