फायलीतली निळी शाई

प्लास्टिक सर्जरीची तक्रार घेऊन येणारा अशील खुर्चीत टेकायच्या आधी मोबाइल पुढे करतो. आधीचा फोटो, नंतरचा फोटो. ‘बघा ना मॅडम, काय करून ठेवलंय!’ मी बघते आणि निम्म्या जणांना चहा पाजून परत पाठवते. नाक मनासारखं झालं नाही, एवढ्यावर केस उभी राहत नाही. त्या कामातला साधारण कुशल डॉक्टर जेवढी काळजी घेतो तेवढी घेतली का, हे ग्राहक आयोग बघतो. असं सांगितलं की लोक माझ्यावरच चिडतात.

मागच्या वर्षी एक शिक्षिका आल्या. त्यांनी पिशवीतून आधी डिस्चार्ज कार्ड काढलं. वय 46, मधुमेह. मुंबईत टमी टक केलेलं, म्हणजे सुटलेल्या पोटाची जादा कातडी कापून उरलेली खाली ओढून शिवलेली. त्या ओढलेल्या कडेला रक्त मुळात बेताचंच पोचतं. त्यात साखर वाढलेली असेल तर जखम भरता भरत नाही. आठव्या दिवशी कड काळी पडली. पुढे अडीच महिने ड्रेसिंग.

‘ऑपरेशनच्या आधी साखर तपासली होती?’

‘आठवत नाही हो.’

मग फाइल मागवली. ती तोंडी मागू नये. लेखी अर्ज द्यावा, पोच घ्यावी. 72 तासांत कागद मिळायला हवेत, असं डॉक्टरांसाठीच्या 2002 च्या नियमांत आहे. आम्हाला तीन आठवडे लागले. फायलीत साखरेचा एकही रिपोर्ट नव्हता. संमतीपत्र मात्र होतं, छापील इंग्रजी. रिकाम्या जागी निळ्या शाईत लिहिलेलं, की मधुमेहामुळे जखम न भरण्याचा धोका समजावून सांगितला. खाली बाईंची सही, काळ्या शाईत.

सही झाली तेव्हा मुलगी शेजारी होती. वडिलांना पाठवायला म्हणून तिनं कागदाचा फोटो काढला होता. त्यात सही आहे, वरच्या जागा कोऱ्या.

समीरा कोहली खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं 2008 मध्येच सांगितलंय, की उपचार काय, त्यातले मोठे धोके कोणते, दुसरा पर्याय आहे का, हे पेशंटला कळेल इतपत सांगूनच संमती घ्यायची. तिथं तपासणीसाठी संमती घेऊन गर्भाशय काढलं होतं. पोट सुडौल करण्यात तर घाईचंही कारण नसतं.

बाईंच्या यजमानांना डॉक्टर तुरुंगात हवे होते. फौजदारीसाठी घोर निष्काळजीपणा लागतो, असं 2005 च्या जेकब मॅथ्यू निकालात आहे. तो हट्ट मी सोडायला लावला. ग्राहक कायदा डॉक्टरांना लागू होतो हे 1995 पासून ठरलेलं आहे. 2019 च्या कायद्यानं तक्रार राहत्या जिल्ह्यात करता येते, म्हणून ऑपरेशन मुंबईचं आणि तारखा नाशिकला. बिल पाच लाखांच्या आतलं, त्यामुळे आयोगाची फी शून्य. मुदत मात्र दोन वर्षांची, आणि ‘होईल बरं’ म्हणत यांनी 17 महिने घालवलेले.

सामनेवाल्यांचं म्हणणं आता असं, की फोटो पहिल्या प्रतीचा आहे, धोके दुसऱ्या प्रतीवर लिहिले. मग पहिली कुठंय, ते पुढच्या तारखेला विचारणार आहे. मुलीला नवा मोबाइल घ्यायचाय. मी बजावलंय, घे, पण जुना विकायचा नाही.